घाटात सुपरचार्ज्ड गाडी धापा टाकते तेव्हा: इंटरकूलर थंड ठेवण्याची कृती

मे महिन्यातली दुपार. वाईतून पसरणी घाटाला गाडी लावली, पुढे सामानानं भरलेला ट्रक. पहिल्या दोन वळणांवर गाडी पाठीला धक्का देत सुटते. पाचव्या वळणावर तेवढाच पाय दाबला तरी ती सुपरचार्जर (बेल्टवर फिरून इंजिनात जास्त हवा दाबून कोंबणारा पंप) काढून ठेवल्यासारखी चालते. इंजिनच्या तापमानाचा काटा नेहमीच्याच जागी, डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. वर पोचून अर्धा तास चहा झाला की गाडी पुन्हा ताजी.

ही खराबी इंजिनमध्ये नसते. सुपरचार्जरनं दाबलेली हवा इतकी तापलेली असते की ठोके (इंधन अवेळी आपोआप पेटून बसणारे हादरे) पडू नयेत म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, स्पार्क मागे घेतो, ठिणगी उशिरा पाडतो, आणि ताकद गळते. इथे नवखे लोक लगेच मोठा इंटरकूलर, म्हणजे ही दाबलेली हवा थंड करणारी जाळी, मागवतात. पन्नास-साठ हजार जातात आणि पुढच्या मेमध्ये पाचव्या वळणावर पुन्हा तेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. उष्णता नेमकी कुठे अडली आहे ते आधी शोधायचं, मग खिशात हात घालायचा. पुढचा क्रम स्वस्तापासून महागाकडे लावला आहे. तो मोडू नका.

हवा किती तापते

सातारा आणि वाई समुद्रसपाटीपासून साधारण सातशे मीटरवर आहेत. इथे हवेचा दाब ०.९३ बारच्या आसपास असतो. सुपरचार्जरनं तो १.६ पट केला, बाहेर ३८ अंश आहे आणि रूट्स जातीच्या सुपरचार्जरची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा ११२ अंशांच्या घरात जाते. इंटरकूलरनं ती ५५ अंशांवर आणायची. तीन लिटरच्या इंजिनवर ६००० आरपीएमला हे काम जवळपास १३ किलोवॉटचं होतं. घरातले सहा-सात गीझर एकदम चालू केल्यासारखं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा पुन्हा लागेल.

आणखी एक गोष्ट आधीच वेगळी काढून ठेवू. पाचगणी १,२९० मीटरच्या आसपास आहे आणि तिथे दाब ०.८७ बारपर्यंत उतरतो. सुपरचार्जर बेल्टवर फिरतो. टर्बोसारखा जास्त फिरून तो ही तूट भरून काढत नाही. त्यामुळे वाईहून पाचगणीला पोचेपर्यंत सहा-एक टक्के ताकद नुसत्या उंचीनं जाते. तिचा दोष इंटरकूलरला देऊ नका.

तुमच्या गाडीत कोणती पद्धत आहे

पद्धती दोन. पहिलीत दाबलेली हवा थेट बाहेरच्या हवेनं थंड होते. मर्सिडीजच्या १.८ लिटर कॉम्प्रेसर गाड्या आणि जुनी मिनी कूपर एस आर५३ अशा आहेत. दुसरीत मध्ये पाणी असतं. सुपरचार्जरखाली किंवा त्याच्या पोटातच इंटरकूलरचा कोअर असतो, त्यातून पाणी फिरतं, छोटा विजेचा पंप ते बंपरमागच्या छोट्या रेडिएटरकडे ढकलतो आणि तिथे ते थंड होऊन परत येतं. ऑडीचं जुनं ३.० टीएफएसआय (नावात टी असला तरी यात टर्बो नाही, सुपरचार्जर आहे), जग्वार-लँड रोव्हरचं ५.० व्ही८ आणि एएमजीची कॉम्प्रेसर इंजिनं या जातीची.

थेट हवेच्या पद्धतीत बिघडण्यासारखं फार नसतं. जाळी, हवेची वाट आणि पाइपांची गळती पाहिली की काम झालं. आर५३मध्ये इंटरकूलर इंजिनच्या डोक्यावर बसतो आणि बॉनेटच्या खाचेतून हवा घेतो. खाच आणि इंटरकूलर यांच्यामधलं रबर फाटलं किंवा चपटं झालं की हवा बाजूनं निसटते, आणि इंटरकूलर खालच्या इंजिनची धग खात बसतो. दोन्ही टोकांचे रबरी बूटही तपासा. चीर असेल तर दाब आणि थंडावा दोन्ही जातात.

खरं डोकं पाण्याच्या पद्धतीत लागतं. पुढचं बरंचसं तिच्याविषयी आहे.

पायरी १: मोजा

उष्णतेला चार टप्पे पार करावे लागतात. दाबलेल्या हवेतून कोअरमध्ये, कोअरमधून पाण्यात, पाण्यातून छोट्या रेडिएटरमध्ये, तिथून बाहेरच्या हवेत. कुठला टप्पा अडला ते तापमान सांगतं.

ओबीडी पोर्टला (गाडीचा संगणक वाचायच्या सॉकेटला) ब्लूटूथ डोंगल लावून फोनवर इनटेक हवेचं, म्हणजे आत जाणाऱ्या हवेचं, तापमान, मॅनिफोल्डचा (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीचा) दाब, आरपीएम आणि स्पार्कचा कोन नोंदवा. इथे पहिली फसगत होते. अनेक गाड्यांत साध्या ॲपला दिसणारं इनटेक तापमान एअर फिल्टरजवळच्या सेन्सरचं, म्हणजे सुपरचार्जरच्या आधीचं असतं. ते ४५ दाखवत असलं तरी मॅनिफोल्डमध्ये ८५ असू शकतं. दाब वाढला तरी आकडा ढिम्म राहिला, तर तो चुकीचा सेन्सर समजा. तुमच्या कंपनीच्या गाड्या वाचणारं स्कॅनर किंवा ॲप वापरून मॅनिफोल्डमधल्या सेन्सरचा आकडा काढा.

पाण्यासाठी फ्रिजमध्ये लावतात ते लांब वायरचे डिजिटल थर्मामीटर पुरतात. एक प्रोब छोट्या रेडिएटरच्या तोंडाशी जिथे गरम पाणी येतं तिथे, दुसरा जिथून थंड पाणी निघतं तिथे, तिसरा बंपरच्या सावलीत बाहेरच्या हवेसाठी. प्रोब धातूच्या नळीवर लावा, वरून फोमचा तुकडा ठेवा आणि टेप घट्ट गुंडाळा. रबरी होजवर लावाल तर आकडा उशिरा आणि कमी येईल. इन्फ्रारेड गन वापरणार असाल तर ॲल्युमिनियमवर आधी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर रोखा. चकचकीत धातूवर ती गन चक्क खोटं बोलते.

रात्रभर उभ्या गाडीवर, इंजिन सुरू करण्याआधी, सगळे सेन्सर दोन-तीन अंशांच्या फरकानं सारखंच दाखवायला हवेत. दाखवत नसतील तर तो फरक लिहून ठेवा आणि पुढे वजा करत जा.

चाचणी अशी घ्या. महामार्गावर ८०च्या वेगानं वीस मिनिटं चालवा आणि आकडे लिहा. मग चढ. पुण्याकडून येताना लागणारा खंबाटकी किंवा वाई-पाचगणी रस्ता यासाठी चांगला. वर पोचल्यावर इंजिन चालू ठेवून पाच मिनिटं उभे राहा आणि आकडे किती वेगानं उतरतात ते पाहा. फोन शेजारी बसणाऱ्याच्या हातात असू द्या. घाटातले वेगाचे फलक पाळूनही ही चाचणी होते, कारण त्रास वेगाचा नाही. कमी वेगात जास्त दाब, हाच त्रास.

आकडे वाचायचे ते असे:

मॅनिफोल्डची हवा बाहेरच्यापेक्षा चढावर ३०–३५ अंशांनी जास्त असेल तर पद्धत ठीक चालली आहे. ४०च्या वर गेली आणि पाच मिनिटांतही उतरली नाही तर शोध सुरू करा.

छोट्या रेडिएटरमध्ये जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्यात १५ अंशांहून जास्त फरक असेल, तर पाणी फार हळू फिरतं आहे. पंप किंवा अडकलेली हवा.

दोन्हीकडचं पाणी जवळपास सारखं, पण बाहेरच्या हवेपेक्षा २५–३० अंशांनी गरम असेल, तर पाणी फिरतं आहे. छोट्या रेडिएटरलाच वारा मिळत नाही.

पाणी छान थंड आणि मॅनिफोल्ड मात्र तापलेलं, तर कोअरमध्ये गडबड आहे. आतून तेलकट थर किंवा वरच्या भागात हवेचा फुगा.

पायरी २: जाळी धुवा

गाळप हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, कराड-भुईंजच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉलीमागून चालणारी कुठलीही गाडी पाचटाचे तुकडे गोळा करत येते. ते समोरून दिसत नाहीत. छोटा रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर (एसीची समोरची जाळी) यांच्यामधल्या दोन बोटांच्या फटीत त्यांची गादी बसते, तिच्यावर किडे, आणि कासकडे फेरी झाली असेल तर लाल माती. समोरची जाळी लखलखीत आणि मागे हा चिखल, हे अगदी नेहमीचं दृश्य. अंधारात मागून टॉर्च धरा. प्रकाश समोर सरळ आला पाहिजे.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मग बंपर उतरवा. पार्किंग सेन्सर आणि फॉग लॅम्पचे प्लग आधी सोडवा, नाहीतर वायर तुटेल. कंडेन्सरच्या पाइपांना पाना लावू नका, त्यात दाबाखालचा गॅस आहे. छोट्या रेडिएटरचे स्क्रू काढून तो होजसकट थोडा पुढे ओढला तरी मागची फट दिसते.

गाडीच्या शांपूचं पाणी मारून दहा मिनिटं भिजू द्या. मग बागेच्या नळीनं मागून पुढे, म्हणजे घाण आली त्याच्या उलट दिशेनं. सर्व्हिसिंगचा जोराचा फवारा तिरका लागला की पातळ पत्र्या एका दमात आडव्या होतात, आणि आडवी पत्री म्हणजे बंद खिडकी. वाकल्याच असतील तर एसी दुरुस्तीवाल्याकडे जाळी विंचरायची फणी मिळते. कॉस्टिकचं पाणी कुणालाही मारू देऊ नका. ते ॲल्युमिनियम खातं. जाळी पहिल्या दिवशी चमकते आणि काही महिन्यांत झिरपायला लागते.

पायरी ३: वाऱ्याला दुसरी वाट ठेवू नका

बंपरच्या तोंडातून आत आलेल्या हवेला जाळीतून जायची काही हौस नसते. बाजूला फट मिळाली की ती तिथून निघून जाते. बंपर आणि छोटा रेडिएटर यांच्यामधली बोटभर फटही चारी बाजूंनी बंद करा. १ मिलिमीटरचा ॲल्युमिनियम पत्रा कापून वाट बनवा आणि कडांना १०–१५ मिलिमीटर जाडीचा बंद छिद्रांचा फोम लावा. गादीचा स्पंज नको. तो पाणी पितो, आणि एका पावसाळ्यात त्याचा लगदा होतो.

आलेली हवा बाहेरही पडली पाहिजे. गावोगावच्या गतिरोधकांवर घासून इंजिनखालचं प्लॅस्टिक कव्हर फाटतं आणि गॅरेजमध्ये ते काढून कोपऱ्यात टाकलं जातं. त्या कव्हरमुळे गाडीखालून जाणारा वारा इंजिनच्या कप्प्यातली हवा ओढून घेतो. ते नसेल तर खालची हवा वर घुसते आणि जाळीतून येणाऱ्या हवेला आडवी येते. जुन्या बाजारातून का होईना, कव्हर परत बसवा. समोर जास्तीचे दिवे, रुंद नंबरप्लेट किंवा शोभेची जाळी लावली असेल तर तीही मुकाट्यानं हटवा.

पंखाही पाहा. बऱ्याच गाड्यांत पंखा इंजिनच्या कूलंटकडे किंवा एसीकडे पाहून फिरतो. छोट्या रेडिएटरची त्याला खबर नसते. ट्रकमागे २० किलोमीटरच्या वेगानं चढताना वारा नाही, पंखा बंद आणि सुपरचार्जर पूर्ण दाबात. छोटा रेडिएटर कंडेन्सरच्या पुढे असेल तर एसी लावा. पंखा फिरेल आणि छोट्या रेडिएटरलाही हवा मिळेल. एसी इंजिनची थोडी ताकद खातो, पण घाटात हा सौदा परवडतो. छोटा रेडिएटर कंडेन्सरच्या मागे असेल तर उलट. एसी लावला की त्याला आधीच तापलेली हवा मिळते. कुठली जाळी पुढे आहे ते दुसऱ्या पायरीत बंपर उतरवला तेव्हाच पाहून ठेवा.

पायरी ४: एअर काढा

पाण्याच्या पद्धतीत ज्या तक्रारी येतात त्यांतल्या पुष्कळशा इथेच मिटतात. कोअर इंजिनच्या डोक्यावर, सर्किटमधल्या सगळ्यात उंच जागी असतो. कूलंट बदलताना किंवा एखादी होज काढताना सर्किटनं एअर धरली, तर हवेचा फुगा नेमका तिथेच जाऊन बसतो. कोअरचा अर्धा भाग कोरडा. पंप फिरतो, टाकीत पातळी बरोबर दिसते, आणि मॅनिफोल्ड ९० अंश. गॅरेजवाला म्हणतो, सगळं ओके आहे.

पहिल्यांदा हे पाहा की इंटरकूलरच्या पाण्याची टाकी वेगळी आहे, की इंजिनचीच टाकी दोघांना सामाईक आहे. सामाईक असेल तर पाणी इंजिनच्याच ठरलेल्या कूलंटचं राहील, त्यात मनानं बदल नाही. झाकण गरम इंजिनवर कधीही उघडू नका.

गाडीचं नाक चढाच्या बाजूला करून उभी करा किंवा पुढची चाकं रॅम्पवर घ्या. टाकीचं तोंड कोअरपेक्षा उंच यायला हवं. येत नसेल तर फनेलला होजचा तुकडा जोडून पाण्याचा तात्पुरता उंच स्तंभ तयार करा. कोअरजवळ हवा काढायचा स्क्रू असेल तर तो दोन आटे सैल करा. मग पंप एकटा चालवा. स्कॅनरमध्ये पंप चालू करायची आज्ञा असेल तर तीच वापरा. नसेल तर पंपाचा प्लग काढून त्याला बॅटरीतून फ्यूज लावलेली स्वतंत्र वायर द्या. मात्र पंप संगणकाच्या सिग्नलवर चालणारा तीन-चार पिनांचा असेल तर हा प्रयोग करू नका. दोन पिनांच्या साध्या पंपापुरताच तो बरा.

आता टाकीत पाहत राहा. आधी मोठे बुडबुडे येतील, मग पातळी एकदम खाली जाईल. लगेच भरा. स्क्रूमधून सलग धार लागली की तो बंद करा. दहा मिनिटं पंप चालू, दोन मिनिटं बंद, असं तीन वेळा. बंद केल्यावर बारीक बुडबुडे एकत्र होऊन वर येतात, म्हणून ती विश्रांती द्यायची. अधूनमधून होज हातानं दाबून सोडा. शेवटी टाकीत पाण्याची अखंड हालचाल दिसली पाहिजे आणि पंपाचा खळखळ आवाज थांबला पाहिजे.

ज्या गॅरेजमध्ये व्हॅक्यूमनं कूलंट भरायचं यंत्र आहे तिथे हे सगळं वीस मिनिटांत होतं. त्यात सर्किटमधली हवा आधी ओढून घेतात, मग कूलंट आपोआप आत खेचलं जातं. दोनदा हातानं करूनही फुगा जात नसेल तर तिकडे जा.

पायरी ५: पंप

पंप फिरतो आहे एवढं पुरेसं नाही. किती पाणी ढकलतो ते मोजा. टाकीकडे परत येणारी होज काढून मापाच्या बादलीत सोडा, पंप ३० सेकंद चालवा आणि दुसऱ्यानं टाकी भरत राहावं, कारण पंप कोरडा फिरला की त्याची सील जळते. बादलीतलं पाणी दुप्पट केलं की मिनिटाचा आकडा मिळाला.

१३ किलोवॉटचा भार, निम्मं पाणी निम्मं कूलंट, मिनिटाला २० लिटर: पाणी एका फेरीत ११ अंशांनी तापतं. तोच प्रवाह १० लिटरवर आला तर २१ अंशांनी, आणि कोअरच्या शेवटच्या भागात पोचेपर्यंत पाण्यात थंडावाच उरत नाही. म्हणून दहाच्या आसपास आकडा आला तर पंप संशयित. नवीन आणण्याआधी त्याच्या प्लगवर चालू असताना व्होल्टेज मोजा. बॅटरीला १४ आणि पंपाला साडेअकरा असेल तर पंप निर्दोष आहे. दोष वायरीचा किंवा गंजलेल्या अर्थिंगचा.

जास्त क्षमतेचा पंप लावणार असाल तर रिले, २.५ चौरस मिलिमीटरची वायर, पंपावर लिहिलेल्या अँपिअरच्या दीडपट फ्यूज आणि चेसिसवर रंग खरवडून केलेलं अर्थ. पंप टाकीच्या खाली बसवा, म्हणजे त्यात पाणी आपोआप उतरेल. ओढणाऱ्या बाजूची होज आखूड आणि सरळ ठेवा. मूळ होज १९ मिलिमीटरची असेल तर मध्ये कुठेही लहान मापाचा जोड नको. असा एक अरुंद जोड मोठ्या पंपाचा सगळा जोर वाया घालवतो.

पाण्याविषयी थोडंसं

स्वतंत्र सर्किट असलेल्यांनी हे वाचावं. कूलंट मिसळलेलं पाणी साध्या पाण्यापेक्षा कमी उष्णता उचलतं. निम्म्या-निम्म्या मिश्रणात दर लिटरला बारा टक्क्यांनी कमी. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी थंडीत कधी दव गोठतं तेवढंच. सातारा-सांगलीत गाडीतलं पाणी गोठायची भीती नाही. मग नुसतं पाणीच का नको? कारण कूलंटमधली रसायनं ॲल्युमिनियमला गंजापासून वाचवतात आणि पंपाच्या सीलला ओल देतात. उत्पादकानं डब्यावर कमीत कमी जे प्रमाण लिहिलं आहे त्याच्या खाली जाऊ नका, आणि वर जायचंही कारण नाही. पाणी डिमिनरलाइज्ड, बॅटरीत घालतात ते. बोअरचं नाही. चुलीवरच्या भांड्यात जो पांढरा थर बसतो तोच कोअरच्या दोऱ्याएवढ्या नळ्यांत बसतो. दोन वेगळ्या जातींचे कूलंट मिसळले तर कधी कधी गाळ धरतो. आधीचं कोणतं हे माहीत नसेल तर सगळं काढून दोनदा धुऊन भरा.

पायरी ६: आता मोठा छोटा रेडिएटर

जाळी स्वच्छ, वाट बंदिस्त, एअर नाही, प्रवाह पुरेसा, आणि तरीही दोन्हीकडचं पाणी गरम. तेव्हाच या खर्चाला अर्थ आहे. लोक जाडीच्या मोहात पडतात. समोरून दिसणारं क्षेत्रफळ वाढवा, जाडी नव्हे. ३० मिलिमीटरच्या जागी ६० मिलिमीटर लावला तर मागच्या निम्म्या जाडीला आधीच तापलेली हवा मिळते, आणि त्याच्या मागे इंजिनच्या रेडिएटरची वाट अडते ती वेगळीच. इंटरकूलर गार आणि इंजिन उकळतंय, अशी वेळ येते. जागा नसेल तर मूळ रेडिएटर ठेवून चाकाच्या कमानीपुढे दुसरा छोटा जोडा. त्याला स्वतःची हवेची वाट आणि मागे बाहेर पडायला जाळी द्या.

स्थानिक कारागिराकडून बनवून घेणार असाल तर आर्गन वेल्डिंगचं काम पातळ ॲल्युमिनियमवर केलेलं आहे का ते विचारा आणि आधीचं एखादं काम बघा. घरी आणल्यावर तोंडं बंद करून १.५ बार हवा भरा आणि पाण्याच्या टपात बुडवून दहा मिनिटं ठेवा. बुडबुडा दिसला तर आत्ताच परत. बसवताना चारही टेकूंना रबर द्या. घट्ट आवळलेला रेडिएटर आपल्याकडच्या रस्त्यांवर वेल्डिंगपाशी चिरतो.

मोठी टाकी आणि बर्फ यांचा मोह इथेच संपवू. पाच लिटर जादा पाणी १५ अंश तापायला पूर्ण भाराखाली २४ सेकंद लागतात. एक किलो बर्फ वितळायला साधारण २६ सेकंद. पाव मैलाच्या शर्यतीत ठीक आहे, पसरणी घाटात काय उपयोग?

पायरी ७: फवारा

याउलट पाण्याचं बाष्प होताना जी उष्णता उचलली जाते ती बर्फाच्या जवळपास सातपट असते. एक लिटर पाणी पूर्ण उडालं तर २,२६० किलोज्यूल. सुबारू इम्प्रेझा एसटीआय आणि मित्सुबिशी इव्होल्यूशन यांच्या काही गाड्यांना इंटरकूलरवर पाणी मारायची सोय कारखान्यातूनच यायची, ती याच हिशेबावर. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आपल्याकडे हे उत्तम चालतं. पावसाळ्यात उपयोग नाही, आणि गरजही नाही.

सामान शेतीच्या दुकानात मिळतं. पाठीवरच्या बॅटरी पंपात १२ व्होल्टची छोटी डायफ्रॅम मोटर असते, ती सुटी मिळते. ग्रीनहाउसला लावतात त्या फॉगर नोझल चार. तासगावकडच्या द्राक्षबागायतदाराला विचारलं तर कुठल्या दुकानातली नोझल तुंबत नाही हेही सांगेल. पाच लिटरचा कॅन, मोटरच्या आधी बारीक गाळणी, ६ मिलिमीटरची नळी, रिले, फ्यूज आणि स्टिअरिंगजवळ दाबून धरायचं बटण. नोझल जाळीपासून वीतभर दूर, चारही मिळून सगळी जाळी भिजेल अशा. धुकं दिसलं पाहिजे. धार लागली तर पाणी खाली गळून वाया जातं.

मिनिटाला पाव लिटर फवारून त्यातलं निम्मं जरी उडालं तरी साडेचार किलोवॉटच्या वर उष्णता जाते. चढावर तीन सेकंद फवारा, पंधरा सेकंद विश्रांती. पाणी इथेही डिमिनरलाइज्डच, नाहीतर दोन महिन्यांत जाळीवर चुन्याचा लेप चढेल आणि दुसरी पायरी पुन्हा करावी लागेल.

यात काय करू नये

थंडावा सुधारला की लगेच सुपरचार्जरची लहान पुली लावायचा विचार येतो. लहान पुलीनं तो जास्त फिरतो, कार्यक्षमता घसरते आणि दाबापेक्षा उष्णता वेगानं वाढते. मिळवलेला सगळा थंडावा एका पुलीत जातो. ट्यूनिंगशिवाय, म्हणजे ईसीयूचे आकडे नव्यानं बसवल्याशिवाय, तर नकोच. मेथॅनॉल फवारणीच्या किटपासून नवख्यांनी लांब राहावं. मेथॅनॉल विषारी आहे, त्याची ज्योत दिवसा दिसत नाही, आणि टाकी रिकामी झाली तेव्हा ट्यूनिंग तिच्या भरवशावर केलेलं असेल तर पिस्टन जातो. आरसीवरचा तपशील बदलेल असा कोणताही बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली अडचणीत आणतो. जाळी, पंप, फोम त्यात येत नाहीत, पण वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा.

प्रत्येक पायरीनंतर तोच रस्ता, तीच वेळ, तेवढीच माणसं घेऊन चाचणी पुन्हा करा, आणि वहीत मॅनिफोल्डचं नुसतं तापमान लिहू नका, बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त ते लिहा. सकाळी सातला आलेले ५० अंश आणि दुपारी दोनला आलेले ५० अंश हे दोन वेगळे निकाल आहेत. काम झाल्यावर २०० किलोमीटरनी सगळ्या होज क्लिपा एकदा आवळा, नवीन रबर बसल्यावर त्या सैल पडतात. टाकीची पातळी थंड इंजिनवर पाहा. थोडी उतरलेली दिसली आणि गळती कुठेच नसेल, तर कोअरमध्ये राहिलेली शेवटची हवा बाहेर आली असं समजा आणि खुणेपर्यंत भरा.